जुनी एमजीबी घेऊन लाइम रॉकला: हौशी व्हिंटेज रेसच्या वीकएंडची तयारी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोन-अडीच तास उत्तरेला गेलं की कनेटिकटच्या डोंगरात लाइम रॉक पार्क लागतं. १९५७ पासूनचा ट्रॅक, लांबी दीड मैल, वळणं मोजून सात. साठ-साठ वर्षांच्या गाड्या घेऊन हौशी माणसं इथे रेस करायला येतात. बक्षिसाचं नाव काढू नका, फार तर एखादा मग मिळतो. पैसा सगळा तुमचाच जातो. तरीही जायचं ठरलं असेल, तर पहिली गाडी म्हणून एमजीबी या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारइतकी सोयीची दुसरी नाही. इंजिन १७९८ सीसीचं, साधं, लोखंडी. पार्ट अजून नवे मिळतात, आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या तळावर, आणखी चार एमजीबी उभ्या असतात, म्हणजे उसनवारीची सोय. पद्मिनीचा चोक ओढून आणि प्लॅटिन पॉइंट घासून जे शिकले, त्यांना निम्मं काम आधीच येतं.

घेताना १९६५ ते १९६७ मधली, पाच मेन बेअरिंगच्या इंजिनाची बघा. १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या इंजिनात तीनच मेन बेअरिंग होत्या. ते इंजिन चालतं गोड, पण सतत ६००० आरपीएमला ताणलं तर क्रँक वाकू लागते. पाच बेअरिंगवालंही मूळ कनेक्टिंग रॉडवर असेल तर ५८०० ते ६००० च्या वर नेऊ नका. रेव्ह काउंटरवर लाल पट्टी चिकटवा. घाईत आकडे वाचायला वेळ नसतो.

आधी कागद आणि अंगावरचं सामान

या भागात व्हीएससीसीए आणि व्हीआरजी हे क्लब व्हिंटेज रेस भरवतात. रेसिंगचं लायसन्स नसेल तर आधी ड्रायव्हर स्कूल करावं लागतं, डॉक्टरचा फॉर्म भरावा लागतो. हे हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिल-मेमध्येच उरका. प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे पुरवणी नियम निघतात, ते नीट वाचा. सायलेन्सर सक्तीचा आहे का आणि आवाजाची मर्यादा किती, हे त्यातच असतं. लाइम रॉकला शेजाऱ्यांनी कोर्टात नेलं होतं. १९५९ पासून तिथे रविवारी रेस होत नाही. म्हणून लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) हिस्टॉरिक फेस्टिव्हलला शनिवार आणि सोमवार रेसचे, आणि रविवारी गाड्या नुसत्या मांडून ठेवायच्या. नवखा माणूस या रविवारला वैतागतो. वास्तविक गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर हाच दिवस कामाला येतो.

हेल्मेट स्नेल एसए श्रेणीचं हवं. मोटरसायकलचं एम श्रेणीचं चालत नाही, कारण त्याला आगीची चाचणी नसते. सूट एसएफआय (अमेरिकन सुरक्षा मानक) ३.२ए/५ चा घ्या, सेकंड डिग्री भाजण्याआधी तो सुमारे दहा सेकंद देतो. ३.२ए/१ तीनच सेकंद देतो, आणि पट्टा सोडून बाहेर पडायला तीन सेकंद पुरत नाहीत. मान सांभाळणारं हान्स किंवा तसंच उपकरण, उघडी गाडी म्हणून हात बाहेर फेकले जाऊ नयेत यासाठी आर्म रिस्ट्रेंट, आणि रोल बार. सीटवर पट्टा आवळून, हेल्मेट घालून बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा: बारचा वरचा काठ हेल्मेटच्या किमान दोन इंच वर हवा. कमी भरलं तर सीट खाली घ्या, बार वर वाढवू नका.

हार्नेसच्या लेबलवरची तारीख बघायला लोक हमखास विसरतात. एसएफआय १६.१ चा पट्टा बनल्या तारखेपासून दोनच वर्षं चालतो. एफआयएचा (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेच्या मानकाचा) पट्टा थोडा महाग, पण त्यावर छापलेल्या वर्षाअखेरपर्यंत, म्हणजे साधारण पाच वर्षं चालतो. हिशेब केला तर तोच स्वस्त.

आठवडाभर आधी, गॅरेजमध्ये

वीकएंडचं खरं काम इथेच होतं. ट्रॅकवर जे बिघडतं त्यातलं बरंचसं गॅरेजमध्येच हाताला लागलेलं असतं, फक्त कोणी हात लावून बघितलेलं नसतं.

हेड गॅस्केट नवं बसवलं असेल तर इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड होऊ द्या आणि हेडचे नट पुन्हा कसा. क्रमाने, एकावेळी एकच नट, आधी किंचित सैल करून मग ४५ ते ५० पाउंड-फूट. सगळे एकदम सैल केलेत तर गॅस्केट गेलंच म्हणायचं. नट कसले की टॅपेट गॅप बदलतो, म्हणून तो त्यानंतरच लावायचा: मूळ कॅमला गरम इंजिनवर १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), सगळ्या आठ व्हॉल्व्हला सारखा. नऊचा नियम लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावायचा, सहावा उघडा असताना तिसरा. दोघांची बेरीज नऊ. कॅम रेसचा असेल तर त्याच्या कागदावरचाच गॅप घ्या.

प्लग बीपी६ईएस ऐवजी एक पायरी थंड, म्हणजे बीपी७ईएस, गॅप २५ थाउ. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. दुसऱ्या कंपन्यांचं उलटंही असतं, तिथे गोंधळू नका. पॉइंट गॅप १५ थाउ. टायमिंग आयडलला लावून समाधान मानू नका. एमजीबीच्या ट्यून केलेल्या बी-सीरिज इंजिनाला वरच्या आरपीएमवर एकूण ३२ ते ३४ अंश अॅडव्हान्स लागतो, तोच टायमिंग लाइटने बघा. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात, आयडलला बरोबर दिसणारं टायमिंग वर गेल्यावर ३८-४० अंशांपर्यंत पळतं आणि पिस्टन खातं.

दोन्ही एसयू कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का हे रबरी नळी कानाला लावून ऐका. फुसफुस एका सुरात यायला हवी. मिश्रणासाठी कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. डॅशपॉटमध्ये २० नंबरचं ऑइल, पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच. हे ऑइल संपलं की गाडी वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर गचका खाते, आणि माणूस जेट बदलत बसतो.

ऑइल २०डब्ल्यू५०, जस्त भरपूर असलेलं. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त कमी करत आणलंय आणि चपट्या टॅपेटचा कॅम त्यावर झिजतो. फिल्टरसह सुमारे साडेचार क्वार्ट, ऑइल कूलर असेल तर अर्धा क्वार्ट जास्त. गिअरबॉक्समध्येही हेच ऑइल. डिफरन्शियलमध्ये मात्र ९० नंबरचं ईपी. सगळ्या ड्रेन प्लगना लॉक वायर लावा, तारेचा ताण प्लग आवळण्याच्या दिशेने हवा. संपमध्ये (इंजिनाच्या तळच्या ऑइल टाकीत) ऑइल अडवणारं बॅफल नसेल तर ते आधी बसवा. लाइम रॉकला एक वगळता सगळी वळणं उजवी, ऑइल संपच्या एका बाजूला चढून बसतं आणि पंप हवा ओढतो. बिग एंड बेअरिंग जायला तेवढं पुरतं.

रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी. कूलंट बहुतेक क्लबांत चालत नाही, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की बर्फासारखं निसरडं होतं आणि वाळतही नाही. थर्मोस्टॅट काढलात तर त्या जागी भोक पाडलेली चकती बसवा. जागा मोकळी ठेवली तर काही इंजिनं उलट जास्त तापतात. ओव्हरफ्लोची नळी जमिनीकडे सोडू नका, एक क्वार्टच्या डब्यात न्या.

ब्रेक ऑइल तपासत बसू नका, बदलाच. डॉट ४ चा ताजा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस. हवेतलं पाणी शोषल्यावर तोच १५५ वर येतो. डाउनहिल या शेवटच्या वळणानंतरची मेन स्ट्रेट (लांब सरळ पट्टा) संपताना ब्रेक मारला आणि पेडल फरशीला लागलं, तर त्याचं कारण बहुधा हेच. सिलिकॉनचं डॉट ५ टाकू नका, पेडल स्पंजी लागतं. नवे पॅड बसवले असतील तर ट्रॅकवर येण्याआधीच बेड करून (तापवून डिस्कवर बसवून) घ्या.

पुढचं चाक १२ आणि ६ वाजण्याच्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ थांबला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन. बेअरिंगचा खेळ शिमने २ ते ४ थाउवर आणायचा. किंग पिनची निपलं ग्रीसने भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

स्पोकची चाकं दिसायला देखणी, पण रेसला नकोतच. स्पोक तुटतात आणि स्प्लाइन झिजतात. लावायचीच असतील तर हब अदलाबदल झालेले नाहीत ना ते बघा: डाव्या बाजूचा आटा उजवा, उजव्या बाजूचा डावा. जुन्या गाडीत कोणीतरी अॅक्सल बदलताना बाजू चुकवलेली असते आणि मग चालत्या गाडीत स्पिनर आपोआप सुटतो. साध्या बोल्टच्या चाकांचे नट ६० ते ६५ पाउंड-फूट.

टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही शिल्लक दिसो, सहा वर्षांपुढचा टायर काढून टाका, रबर लाकडासारखं झालेलं असतं.

पेटाऱ्यात काय

सुट्या भागांत आधी इग्निशन. दोन कंडेन्सर, दोन रोटर, पॉइंटचा सेट, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल, चार प्लग. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर इतके बेभरवशाचे, की नव्या पाकिटातला पार्ट आधी गाडीत लावून, तापवून, चालतो हे बघूनच पेटाऱ्यात टाकावा. मग फ्युएल पंप, फॅन बेल्ट, वॉटर पंप, पाण्याच्या नळ्या आणि क्लिप, अॅक्सिलरेटरची केबल, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर किट, हेड गॅस्केटचा सेट, पुढची बेअरिंग एक जोडी, लॉक वायर, फ्यूज. हेड गॅस्केट तुम्हाला नाही लागलं तर शेजाऱ्याला लागेल.

पाने इंचाचे. ७/१६, १/२ आणि ९/१६ यांनी बरीचशी गाडी उघडते. मेट्रिक पाने घेऊन गेलात तर नटांचे कोपरे गोल करून याल. शिवाय टॉर्क रेंच, फिलर गेज, टायर प्रेशर गेज (दरवेळी तोच, दोन गेजांत दोन पीएसआयचा फरक सहज असतो), जॅक, चार स्टँड, आणि पावसासाठी ताडपत्री.

पेट्रोलचा हिशेब असा: फेरी सुमारे एक मिनिट दहा सेकंदांची धरली तर २० मिनिटांच्या सेशनमध्ये १७ फेऱ्या, म्हणजे २६ मैल. रेसला एमजीबी गॅलनला आठ-नऊ मैल देते, तेव्हा सेशनला तीन गॅलन. चार सेशनला बारा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर लांब उजव्या वळणात पेट्रोल बाजूला सरकून इंजिन खोकतं. मूळ ८.८ कॉम्प्रेशनला पंपावरचं ९३ चालतं.

ट्रेलरवर गाडी चढवताना एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. कमी आला तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. मग गाडी चार-सहा इंच पुढे घ्या. चार रॅचेट पट्टे लावा, पहिल्या वीस-तीस मैलांवर थांबून पुन्हा आवळा, आणि थांबलात की ट्रेलरच्या हबवर हात ठेवून बघा. हात टिकत नसेल तर बेअरिंग गेलेली आहे.

तपासणी

टेक इन्स्पेक्शनला गाडी रिकामी न्या, सीटखाली पाना राहिलेला नको. तपासणारे चाकं हलवतात, बॅटरी ओढून बघतात, अॅक्सिलरेटरला दुसरी रिटर्न स्प्रिंग आहे का पाहतात, आणि शेवटी चालू इंजिनवर किल स्विच फिरवायला सांगतात. इथे बरेच जण अडकतात. स्विचने नुसती बॅटरी तोडली तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. इग्निशनची वायरही त्याच स्विचमधून गेली पाहिजे.

१९६७ पर्यंतची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली. वेळ मोजणारा ट्रान्सपाँडर वायरने जोडायचा असेल तर त्याची लाल वायर बॉडीला जाते. सवयीने उलटी लावली की ट्रान्सपाँडर जळतो.

ट्रॅकवर

इंजिन सुरू करून प्री-ग्रिडवर (ट्रॅकवर सोडण्याआधीच्या रांगेत) लगेच पळू नका. पाणी दहा मिनिटांत तापतं, ऑइलला जास्त वेळ लागतो. थंड ऑइलवर ५००० ला नेलेलं इंजिन त्या दिवशी तक्रार करत नाही, पुढच्या महिन्यात करतं. पहिल्या फेरीत मार्शलचं प्रत्येक ठाणं कुठे आहे ते बघून घ्या. पिवळा हलता झेंडा दिसला की पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्याच गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय. हा झेंडा दिसल्यावर आणखी एक फेरी मारून ऑइल सांडलंत तर बाकीच्यांच्या शिव्या खाल.

लाइम रॉकला शेवटचं डाउनहिल वळण सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यातून निघालेला वेग पूर्ण मेन स्ट्रेटभर सोबत राहतो. आणि सगळ्यात फसवंही तेच. उतारावर गाडी दबलेली असते, पकड भरपूर वाटते. मधेच घाबरून पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, गाडी गिरकी घेते. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, मग पाय स्थिर. अपहिल वळणाला उलट होतं: चढ संपतो तिथे गाडी हलकी होते, तेव्हा स्टिअरिंग आधीच सरळ होऊ लागलेलं हवं. बिग बेंड वळणाला आत शिरायची घाई करू नका, ते दिसतं त्यापेक्षा लांब चालतं. गिअर तिसरा आणि चौथा एवढेच लागतात. या वर्षांच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, चालत्या गाडीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

मागून वेगवान गाडी आली तर कोणत्या बाजूने जायचं ते हात करून दाखवा आणि आपली लाइन सोडू नका. 'वाट देतो' म्हणून अचानक बाजूला होणारा माणूस न देणाऱ्यापेक्षा धोकादायक. या खेळात अनेक क्लब १३/१३ चा नियम पाळतात: टक्कर झाली आणि चूक तुमची ठरली, तर १३ महिने बाहेर आणि पुढचे १३ महिने नजरेखाली. कठोर वाटतो, पण १९५० च्या दशकातली एकमेवाद्वितीय गाडी शेजारी धावत असते तेव्हा तो पटतो.

ऑइल प्रेशर गरम इंजिनवर, वरच्या आरपीएमला ५० पीएसआय किंवा जास्त हवं. वळणात काटा पडून स्ट्रेटवर परत येत असेल तर ऑइल कमी आहे किंवा बॅफल पुरत नाही. ४० च्या खालीच राहत असेल तर हात वर करून पिटमध्ये या. आणखी दोन फेऱ्यांचा मोह क्रँकशाफ्टच्या किमतीचा असतो.

दोन सेशनच्या मधे

गाडी थांबली की पहिल्या दोन मिनिटांत टायर प्रेशर घ्या, नंतरचे आकडे निरुपयोगी. टायर थंड असताना २८ पीएसआयवर सुरुवात करून गरम ३२ ते ३४ च्या आत राहिलं तर ठीक. तापमानमापक असेल तर टायर तीन ठिकाणी मोजा: मधला भाग कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त झाली. जवळपास सगळी वळणं उजवी म्हणून डावे टायर, त्यातही पुढचा, आधी संपतो. शनिवारी रात्री डावे-उजवे बदलून घ्या.

हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर लायनर चिकटतात, ड्रम आकार सोडतो. चाकाला ठोकळा लावा. बॉनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दहा मिनिटांनी ऑइल बघा, चाकं थंड झाल्यावर नट पुन्हा टॉर्क करा, पेडल दाबून बघा, खाली वाकून थेंब शोधा. मग एक प्लग काढा. चिनीमातीवर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे: टायमिंग दोन अंश मागे घ्या, मिश्रण थोडं रिच करा, मगच पुढचं सेशन.

इंजिन वर फुटफुट करतंय, तर आधी ठरवा की वीज जातेय की पेट्रोल. वीज कात्रीने कापल्यासारखी जाते आणि तशीच परत येते. पेट्रोल हळूहळू ओसरतं. गाडी थंड असताना चांगली, तापली की मेली, अर्ध्या तासाने पुन्हा जिवंत, असं झालं तर कंडेन्सर बदला, मग कॉइल. पेट्रोलचा संशय असेल तर इग्निशन ऑन करून एसयू पंपाचा टकटक आवाज ऐका. भराभर वाजून मंदावला तर तो ठीक आहे. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय. अजिबात वाजत नसेल तर पॉइंट चिकटलेत, पंपाला हातोडीच्या दांड्याने हलका ठोका द्या, त्या दिवसापुरतं काम भागतं. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे सतत येत असतील तर मात्र हेड गॅस्केट. अशी गाडी पुढच्या सेशनला लावायची नाही.

परत निघताना

शेवटचं सेशन झालं की पट्टे आवळण्याआधी पाण्याचं बघा. आत कूलंट नाही, निव्वळ पाणी आहे, आणि ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला या डोंगरात रात्री पारा शून्याखाली जातो. रेडिएटरची चावी उघडा, आणि ब्लॉकवरची वेगळी. नुसत्या रेडिएटरच्या चावीने ब्लॉकमधलं पाणी निघत नाही. ब्लॉकच्या चावीतून काहीच आलं नाही तर ती गाळाने बुजलेली आहे: चावी पूर्ण काढून तार घाला, गढूळ धार येईपर्यंत. मग स्टिअरिंगवर 'पाणी नाही' अशी चिठ्ठी चिकटवा.